भोंगा मुलांसाठी, फोन मोठ्यांचा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे तीन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसायचे आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे.

करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मोबाइल मुलांच्या हातातून सुटला नाही, ही शिक्षकांची तक्रार या निर्णयामागे होती. कल्पना मांडली तेव्हा पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. महिलांनी मात्र आपलाही वेळ मालिकांमध्ये जातो हे कबूल केले आणि निर्णय मार्गी लागला. या कबुलीतच या प्रयोगाचे खरे वेगळेपण आहे. मुलांचा फोन सोडवायचे उपाय घरोघरी होतात. तिथे मोठ्यांनीही फोन ठेवायचे ठरवले.

मुलांनी पडद्यासमोर किती वेळ घालवावा, याची मोजमापे उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास पुरे. त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण असाच आहे. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तिने एक सवलत ठेवली आहे, ती म्हणजे नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल. गावाकडची आजी पलीकडून ‘कोण आलं, कोण आलं’ म्हणते आणि बाळ हुंकार देते, तेव्हा पडदा तोच असला तरी पलीकडे उत्तर देणारे माणूस असते. कार्टून बाळाला उत्तर देत नाही.

हे उत्तर मिळणे बाळासाठी किती महत्त्वाचे असते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एका साध्या प्रयोगातून दाखवले. आई बाळाशी खेळते, बोलते आणि मग काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. त्यातून काहीच होत नाही म्हटल्यावर ते तोंड फिरवते, रडू लागते. अलीकडे संशोधकांनी हाच प्रयोग आईच्या हाती मोबाइल देऊन केला, तेव्हाही बाळे अशीच अस्वस्थ झाली. फोनमध्ये बघणाऱ्या माणसाचा चेहरा बहुतेक वेळा निर्विकारच असतो, हे लोकलच्या डब्यात एकदा नजर फिरवली तरी पटेल.

अमेरिकेतील बोस्टनमध्ये संशोधकांनी उपाहारगृहात लहान मुलांसोबत जेवायला आलेल्या ५५ मोठ्या माणसांचे निरीक्षण केले. त्यातील ४० जणांनी जेवताना फोन वापरला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नोंद आहे, की जे फोनमध्ये पार गढून गेले होते, ते मुलांनी खोडी काढल्यावर बऱ्याचदा कठोरपणे वागले. लक्ष वेधण्यासाठी मूल आगाऊपणा करते, त्यावरून ओरडा खाते आणि मग गप्प बसावे म्हणून त्यालाच फोन मिळतो, हा क्रम आपल्याकडच्या घरांनाही नवा नाही.

यात आईबापांना दोषी ठरवून फारसे साधत नाही. दोघेही नोकरीला, घरात तिसरे माणूस नाही, कुकर लावायचा आहे आणि मूल पायात घोटाळते आहे; अशा वेळी वीस मिनिटांचे कार्टून ही सोय असते. कामाचे फोनही संध्याकाळी सातला थांबत नाहीत. म्हणूनच दिवसभराच्या मिनिटांचा हिशेब ठेवण्यापेक्षा एक ठरावीक वेळ राखणे अधिक जमण्यासारखे आहे. ती रात्रीच्या जेवणाची असेल किंवा झोपण्याआधीची. झोपण्याआधीची असेल तर दुहेरी फायदा: पडद्याच्या उजेडाने लांबणारी झोप वेळेवर येते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. त्या वेळेत फोन खिशात नको, दुसऱ्या खोलीत हवा. अगदीच घ्यावा लागला, तर ‘ऑफिसचा फोन आहे, दहा मिनिटांत येते’ असे मुलाला सांगून घ्यावा आणि दहा मिनिटांत खरेच परत यावे.

वडगावात सुरुवातीला ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून लोकांना आठवण करून देत. फ्लॅटमध्ये असे कोणी येणार नाही. पण घरात चार वर्षांचे मूल असेल, तर ‘बाबा, फोन!’ असे ओरडून सांगायचे काम ते दुसऱ्या दिवसापासूनच आवडीने करते.