प्रतिपालकाचे घर: तपासणी आधीची आणि नंतरची

आईवडील दीर्घ आजारी आहेत, तुरुंगात आहेत किंवा मूल सांभाळण्याच्या स्थितीत नाहीत. पण ते मूल दत्तक देण्यास कायद्याने मोकळेही नाही. अशा मुलासाठी आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे बालगृह. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 ने दुसरी वाट दाखवली आहे: ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या कुटुंबात संगोपन, म्हणजे प्रतिपालकत्व. यात मूल दत्तक जात नाही, आणि बालकल्याण समितीला भेटी अहिताच्या वाटल्या नाहीत तर जन्मदात्यांना त्याला भेटता येते. बालगृह चालवायला कलम 41 खाली नोंदणी लागते. विनानोंदणी चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. कुटुंबाला असे प्रमाणपत्र नसते. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा गृहभेटीचा अहवाल आणि बालकल्याण समितीचा आदेश, हाच त्याचा परवाना.

या परवान्यासाठी काय पाहायचे, हे 2016 च्या केंद्रीय आदर्श नियमांत आहे. दांपत्याचे वय पस्तिशीच्या पुढे, दोघांचीही संमती, मुलाच्या गरजा भागतील इतके उत्पन्न, घरातल्या सर्वांचे वैद्यकीय अहवाल, गुन्ह्याची नोंद नसणे, पुरेशी जागा. आणि मला सर्वांत शहाणी वाटणारी अट, शेजारीपाजारी व मित्रमंडळींशी आधाराचे संबंध. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तींनाही दार उघडले. मात्र एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगाच देता येतो. आता ही यादी घेऊन पुण्यात कात्रजला संतोषनगरात किंवा दत्तनगरात जा. दोन खोल्या, अकरा महिन्यांचा भाडेकरार, करार संपला की पत्ता बदलण्याची टांगती तलवार. 'पुरेशी जागा' म्हणजे किती? समजदार अधिकारी पाहील की मुलाला झोपायला, अभ्यासाला कोपरा आहे का. धास्तावलेला अधिकारी स्वतःचे घर असलेल्यालाच पसंती देईल आणि कात्रजमधली कितीतरी चांगली घरे पहिल्याच गाळणीत गळतील. अमेरिकेत अनेक राज्यांचे नियम झोपण्याच्या खोल्यांचाही हिशेब मागत. त्यात आजी-मावशीचीच घरे अडकू लागली, तेव्हा 2023 मध्ये केंद्र सरकारने नातेवाइकांसाठी वेगळे निकष ठेवायची मुभा दिली. आपण तो वळसा घालायची गरज नाही. गुन्हे, आरोग्य आणि शेजार यांबाबत कडक राहावे, खोल्यांबाबत सैल.

यावर आक्षेप येईल तो रास्त आहे. ढील दिली तर मूल फुकटचा घरगडी होईल, किंवा त्याहून वाईट काही. पण 2011 साली कळंबोलीत मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार एका आश्रमसंस्थेत उघडकीस आले होते, एखाद्या कुटुंबात नव्हे. प्रवेशाच्या दिवशी तपासलेल्या भिंती पुढच्या वर्षीचे वर्तन सांगत नाहीत. ते सांगते ती नियमित भेट, मुलाशी एकट्याने केलेले बोलणे. कायद्याला हे कळते. कलम 44 नुसार समितीने प्रत्येक प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करायची आहे. अडचण अंकगणिताची आहे. एका समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, महिन्यातून किमान वीस दिवस बैठका, आणि 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांवर. जुन्नरपासून इंदापूरपर्यंत हे पाच जण घरोघर जाणार कधी? समित्या एकाच्या दोन केल्या तरी हिशेब जुळत नाही. तो जुळावा म्हणून कुटुंबेच कमी ठेवायची, हा मार्ग मात्र आपल्या कार्यालयांना सहज सुचतो.

दुसरा आक्षेप पैशांचा: लोक भत्त्यासाठी मुले घेतील. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली मुलामागे दरमहा 4,000 रुपये मिळतात. पुण्यात शाळा, रिक्षा, दूध आणि औषधपाणी यांत ते कुठे जातात हे गृहिणीला विचारावे. यात नफ्याचा धंदा बसत नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेतले 2,250 रुपये बहुतेक ठिकाणी एकल पालक वा आप्तांकडे राहणाऱ्या मुलांसाठी जातात. ती मदत मोलाची आहे, पण तिच्यावर बोट ठेवून 'आपल्याकडे प्रतिपालकत्व चालते' असे म्हणणे ही पळवाट झाली. बुखारेस्टमध्ये 2000 नंतर अनाथालयातल्या 136 लहानग्यांवर अभ्यास झाला. त्यांतली काही मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी प्रतिपालक घरांत दिली गेली. त्यांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस निघाली, दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची विशेष. आपल्या 2024 च्या सूचनांत प्रतिपालकत्व सहा वर्षांवरील मुलांसाठी आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यातच आहे. त्याने भेटी देणाऱ्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची पदे भरावीत आणि महिन्याला किती घरांना खरोखर भेट झाली, तो आकडा जाहीर करावा. आणि ज्या वाचकांच्या घरात मन व वेळ दोन्ही आहे, त्यांनी खोल्या मोजत न बसता जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा.