मागणीनुसार तयार होणाऱ्या तबकड्या आणि जुन्या चित्रपटांची ‘प्रत’

१

मराठीत ‘प्रत’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. पोथीची किंवा ग्रंथाची नक्कल ती प्रत. आणि धान्य, कापूस, कागद इत्यादी मालाचा दर्जा सांगावयाचा तोही ‘प्रत’ याच शब्दाने. या दोन अर्थांमधील नाते एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु जुन्या चित्रपटांच्या तबकड्यांविषयी अलीकडे जी चर्चा होत आली आहे, तीत हे नाते अगदी उघडे पडते. तबकडीची प्रत कशी आहे, असे सर्वजण विचारतात. वास्तविक आधी विचारावयास हवे ते हे, की ती तबकडी कशाची प्रत आहे.

अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या संस्थेने मार्च २००९ मध्ये ‘वॉर्नर आर्काइव्ह कलेक्शन’ ही योजना सुरू केली. आरंभी तीत १५० चित्रपट होते व एका तबकडीची किंमत १९.९५ डॉलर ठेवण्यात आली होती. गिऱ्हाइकाने मागणी नोंदविल्यानंतरच त्या चित्रपटाची डीव्हीडी तयार करावयाची व त्याच्याकडे पाठवावयाची, असे या योजनेचे स्वरूप होते. पुढील काही वर्षांत सोनी, एमजीएम, युनिव्हर्सल आणि फॉक्स यांच्या संग्रहांतील चित्रपटही याच पद्धतीने मिळू लागले. कारखान्यात हजारोंच्या संख्येने तबकड्या छापून त्या दुकानांत मांडण्याइतकी मागणी ज्यांना कधीच आली नसती, असे कितीतरी चित्रपट त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आले.

त्याबरोबर तक्रारीही आल्या. कोठे चित्र अंधुक, कोठे ओरखडे, कोठे काळ्या-पांढऱ्या चित्रावर इंद्रधनुष्यासारखी रंगछटा. या तक्रारींचा रोख पुष्कळदा तबकडीच्या निर्मितिपद्धतीवर असतो: घरगुती नकलेप्रमाणे ‘जाळून’ काढलेली तबकडी, तिच्यावरील चित्र चांगले कसे असणार? हा तर्क वरवर पटण्यासारखा असला, तरी तो बरोबर नाही. तो का बरोबर नाही हे समजून घेतल्यास चित्राच्या दर्जाचा सबंध प्रश्नच उलगडतो.

२

कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीमध्ये पॉलिकार्बोनेटच्या पृष्ठभागावर साच्याने सूक्ष्म खळगे उमटविलेले असतात व त्यांवर धातूचा परावर्तक थर असतो. त्यासाठी प्रथम काचेचा मूळ नमुना व त्यावरून धातूचे साचे करावे लागतात. हा प्रारंभीचा खर्च मोठ्या संख्येतच भरून निघतो. मागणीनुसार तयार होणाऱ्या डीव्हीडी-आर तबकडीत खळग्यांऐवजी सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसर किरणाने त्या थरात खुणा उमटविल्या जातात. साच्यांची गरज नसल्याने एकच तबकडी काढली तरी चालते.

परंतु दोन्ही तबकड्यांवर नोंदले जातात ते अंकच. तेच अंक खळग्यांनी लिहिले काय किंवा रंगद्रव्यातील खुणांनी लिहिले काय, वाचणाऱ्या यंत्राला ते तेच मिळतात आणि पडद्यावर तेच चित्र येते. रंगद्रव्याचा थर उष्णतेने व प्रकाशाने बिघडू शकतो, हे खरे आहे. त्यामुळे अशा तबकड्या उन्हापासून दूर व कोरड्या जागी ठेवणे इष्ट. पण असा बिघाड झाला म्हणजे चित्र फिके होत नाही. दोषदुरुस्तीच्या संकेतांनी काही मर्यादेपर्यंत चुका भरून निघतात आणि ती मर्यादा ओलांडल्यावर चित्र चौकोनांत फुटते किंवा थबकते. सबंध चित्रपटभर चित्र सारखेच मऊ किंवा सारखेच गडद दिसत असेल, तर तो अपराध तबकडीचा नव्हे.

तबकडीच्या बाजूने एकच मर्यादा विचारात घेण्याजोगी आहे, ती क्षमतेची. एकस्तरीय डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात, द्विस्तरीय डीव्हीडीत सुमारे ८.५ अब्ज. दोन तासांचा चित्रपट एकस्तरीय तबकडीवर बसवावयाचा, तर चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सरासरी सुमारे ५२ लाख बिट एवढाच वाव राहतो, आणि दाट हालचालींच्या दृश्यांत आकुंचनाचे दोष डोकावू शकतात. परंतु १९३० च्या दशकातील पुष्कळ चित्रपट सत्तर मिनिटांच्या आसपासचे असतात. त्यांना तेवढ्याच जागेत सेकंदाला सुमारे ८९ लाख बिट मिळतात. डीव्हीडीच्या नियमांप्रमाणे चित्रासाठी जी कमाल मर्यादा आहे, ती ९८ लाखांची आहे. म्हणजे आखूड चित्रपटांच्या बाबतीत ही अडचणही फारशी उरत नाही.

३

तर मग दोष येतो कोठून? तो येतो वंशातून. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह ही चित्रपटाची आद्य प्रत. तिच्यावरून सूक्ष्मकणी मास्टर पॉझिटिव्ह, तिच्यावरून दुय्यम निगेटिव्ह आणि तिच्यावरून चित्रगृहात दाखविण्याची प्रिंट, अशी परंपरा असते. प्रत्येक पिढीत थोडा तपशील हरवतो आणि कण वाढतात. छायेतील व उजेडातील सूक्ष्म छटा एकमेकींत मिसळतात. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यांना हे चित्र परिचित आहे. एका आदर्श प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरताना लेखनिकांच्या चुका साचत जातात. पण येथे चूक करणारा लेखनिक नसून रसायन व भिंग असतात.

शिवाय आद्य प्रत शिल्लक असेलच असे नाही. १९५० च्या सुमारापर्यंत व्यावसायिक चित्रपट नायट्रेटच्या पट्टीवर घेतले जात. ही पट्टी अत्यंत ज्वालाग्राही असून काळाने आपोआप कुजते. रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउसच्या भांडारास १९७८ मध्ये आग लागून तीनशेहून अधिक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह नष्ट झाल्या. रंगीत चित्रपटांची कथा आणखी वेगळी. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीत तीन स्वतंत्र काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह वापरल्या जात. त्या कमी-अधिक आकसल्या म्हणजे तिन्ही प्रतिमा एकमेकींवर नीट बसत नाहीत व वस्तूंच्या कडांना रंगीत किनार दिसते. १९५० मध्ये आलेल्या ईस्टमनकलरमध्ये तिन्ही रंग एकाच पट्टीवर आले, परंतु ही रंगद्रव्ये टिकाऊ नव्हती. त्यांचा विषम ऱ्हास होऊन जुन्या प्रिंट तांबूस पडल्या.

४

चित्रपटाच्या पट्टीवरून तबकडीपर्यंत येताना मध्ये आणखी एक पायरी असते, ती व्हिडिओ मास्टरची. मागणीनुसार निघणाऱ्या तबकड्यांचे गुणदोष बहुतांशी येथेच ठरतात.

टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएमचा जुना चित्रपटसंग्रह मिळविला. १९५० पूर्वीचे वॉर्नरचे चित्रपटही त्यातच होते. १९८८ मध्ये टीएनटी व १९९४ मध्ये टर्नर क्लासिक मूव्हीज ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली. वाहिन्यांना रोज चित्रपट लागत. म्हणून शेकडो चित्रपटांचे व्हिडिओ मास्टर तयार झाले. १९९६ मध्ये टर्नर यांची संस्था टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली व हा संचय वॉर्नरकडे आला. हे मास्टर त्या काळच्या काचनळीच्या दूरदर्शन संचासाठी होते. काही ठिकाणी प्रकाशाची व रंगाची माहिती एकाच संकेतात मिसळणारी टेप वापरली गेली होती. अशा टेपवरील बारीक रेघांचा कोट किंवा जाळीचा पडदा यांना यंत्र रंग समजते. काळ्या-पांढऱ्या चित्रपटात इंद्रधनुष्य उमटते ते यामुळे.

ज्या चित्रपटाच्या थोड्याच तबकड्या खपण्याचा संभव, त्याच्यासाठी मूळ निगेटिव्ह शोधून, ती धुऊन, नव्याने स्कॅन करण्याचा खर्च परवडत नाही. त्यामुळे योजनेच्या आरंभी हाती असलेला मास्टर तसाच वापरला गेला. उपलब्ध मास्टरांपैकी उत्तम तो घेतला असून या तबकडीसाठी वेगळे पुनरुज्जीवन केलेले नाही, अशा आशयाची सूचनाही या तबकड्यांवर दिलेली असे. ही सूचना प्रामाणिक होती. पुढे ज्या चित्रपटांचे मास्टर नव्याने केले गेले, त्यांवर तसे नमूद करण्यात आले. आणि २०१२ पासून याच मालिकेत ब्लू-रे तबकड्याही निघू लागल्या. म्हणून एकाच मालिकेतील दोन चित्रपटांच्या दर्जात महदंतर आढळते, याचे आश्चर्य वाटावयास नको. मालिका एक असली, तरी वंश निरनिराळे आहेत.

५

चित्राचा दर्जा म्हणजे केवळ स्वच्छता नव्हे; चित्राची पूर्णता हाही त्याचाच भाग आहे. १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाने सिनेमास्कोपचे युग सुरू झाले. पुढे स्थिरावलेल्या २.३५ : १ या प्रमाणाचे रुंद चित्र जुन्या दूरदर्शन संचाच्या १.३३ : १ चौकटीत भरावयाचे, तर त्याच्या रुंदीचा सुमारे ४३ टक्के भाग कापावा लागतो. दूरचित्रवाणीसाठी असे कापलेले मास्टर विपुल होते व मागणीनुसार निघालेल्या काही तबकड्यांवर तेच उतरले. दोन पात्रे पडद्याच्या दोन टोकांना उभी करून दिग्दर्शकाने जो दुरावा सुचविला असेल, तो अशा प्रतीत उरतच नाही.

चित्र पूर्ण रुंदीचे असले तरी प्रश्न संपत नाही. अमेरिकी डीव्हीडीत ४८० आडव्या रेषा असतात. जुन्या चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून हे चित्र बसविल्यास त्याच्या वाट्याला सुमारे २७२ रेषा येतात. रुंद संचासाठी नोंदविल्यास सुमारे ३६३. चित्र तेच, तबकडी त्याच जातीची, आणि तपशिलात एवढा फरक.

याच्या उलट, अतिस्वच्छतेचाही दोष असतो. ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटाच्या २००१ मधील डीव्हीडीसाठी संगणकाच्या साहाय्याने पुष्कळ सफाई करण्यात आली होती. त्या भरात काही दृश्यांतील पावसाच्या धारांसारखे बारीक तपशील धुळीबरोबर पुसले गेले. २०११ च्या ब्लू-रे आवृत्तीत ते परत आले. पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे लेखनिकाने केलेले ‘शुद्धीकरण’ होय. न समजलेला कठीण पाठ चुकीचा समजून त्याजागी सोपा पाठ घालणारा विद्वान लेखनिक हा अडाणी लेखनिकाहून अधिक घातक ठरतो, कारण त्याची चूक चुकीसारखी दिसत नाही. ओरखडे असलेला जुना मास्टर निदान आपले वय लपवीत नाही.

६

हा विषय चित्रपटकलेच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. १९३० नंतरचे बोलपट हा बोलीभाषेच्या, विशेषतः रंगभूमीवरील व नागर उच्चारांच्या इतिहासाचा मोलाचा पुरावा आहे. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने असा पुरावा तबकडीवरून घ्यावयाचा, तर तिच्या वंशाचे ज्ञान त्याला अपरिहार्य आहे. दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चालतो. युरोपीय पाल पद्धतीच्या तबकडीत तो सामान्यतः २५ चौकटींच्या गतीने चालविला जातो. त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. आणि ध्वनीची वेगळी दुरुस्ती केलेली नसेल, तर मूळचा १२० हर्ट्झचा स्वर १२५ हर्ट्झचा होतो. नटाच्या स्वरपातळीचे किंवा बोलण्याच्या वेगाचे मापन करणाऱ्याने हे ध्यानात न घेतल्यास त्याचे सर्व आकडे सुमारे ४ टक्क्यांनी चुकतील. अमेरिकी तबकडीत हा दोष जवळजवळ नसतो, पण तेथे दुसरा आढळतो. २४ चौकटींचे सुमारे ३० चौकटींत रूपांतर करताना दर पाच व्हिडिओ चौकटींपैकी दोन चौकटींत चित्रपटाच्या दोन भिन्न चौकटींच्या रेषा एकमेकींत गुंफल्या जातात. चांगल्या मास्टरवरून ही गुंफण उलगडता येते. जुन्या टेपवर ती कायमची बसलेली असू शकते. ‘प’ किंवा ‘म’ उच्चारताना ओठ मिटलेले राहतात तो काळ चित्रपटाच्या दोन-तीन चौकटींहून क्वचितच मोठा असतो. त्यांतील एखादी चौकट मिश्र असेल, तर ओठ मिटले केव्हा व उघडले केव्हा हे निश्चित सांगता येत नाही.

७

पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली व १९६६ मध्ये पूर्ण केली. त्या कार्याची शिकवण अशी की, एखादी प्रत उत्तम की सामान्य हे तिच्या अक्षराच्या वळणावरून किंवा कागदाच्या झळाळीवरून ठरत नाही. तिच्या वंशावरून ठरते. तसेच, एखाद्या शाखेची एकच सदोष प्रत उरली असेल, तर तिचे मोल दोषांसह मानावे लागते. मागणीनुसार निघालेल्या पुष्कळ तबकड्यांची स्थिती अशीच आहे. त्या चित्रपटांची दुसरी प्रत सामान्य अभ्यासकाला दुर्लभ आहे.

म्हणून प्रबंधात चित्रपटाचे नाव व वर्ष देऊन थांबणे पुरेसे नाही. तबकडीची मालिका व प्रकाशनाचे वर्ष, मास्टर नवा की जुना, चित्राचे प्रमाण, प्रत्यक्ष मोजलेला कालावधी आणि तबकडीची पद्धती एवढ्या गोष्टी नोंदविल्या, म्हणजे पुढील संशोधकाला आधीच्या निरीक्षणाची पारख करता येते. चांगली प्रत मिळाल्यावर निरीक्षण बदलले, तर त्यात कमीपणा नाही. कोणत्या प्रतीवरून निरीक्षण केले हेच अज्ञात राहिले, तर मात्र ते तपासून पाहण्याचा मार्गच बंद होतो.