मेलेले तुडतुडे शोधू नका

कापसाचं पान उलटं करून पाहा. शिरेजवळ फिकट हिरवा, कणीएवढा किडा दिसेल. बोट जवळ नेलं की खेकड्यासारखा तिरका पळतो. हा तुडतुडा. त्याचे भाऊबंद भातालाही छळतात, पण एरंडोलच्या काळ्या जमिनीत डोकेदुखी कापसाची. रस शोषला की पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग लाल होऊन वळतात. एका पानामागे दोन-तीन दिसू लागले, की निंबोळी अर्काची वेळ झाली.

तयारी मात्र आधीची. जून-जुलैत बांधावरच्या निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. गर चोळून धुवा, बिया सावलीत वाळवा, गोणपाटात भरून हवेशीर जागी ठेवा. ओलसर बी प्लॅस्टिकच्या थैलीत बांधलं की बुरशी धरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

पाच टक्के अर्क म्हणजे 100 लिटर फवारणीला 5 किलो बी; पंधरा लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम. आदल्या संध्याकाळी बी भरडा, फडक्यात सैल बांधा, 10 लिटर पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी पिळत राहायची, दुधासारखं पांढरट पाणी उतरणं थांबेपर्यंत. उकळू नका, उष्णतेने गुण जातो. एक लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबण विरघळवून त्यात मिसळा. साबणामुळे बियांतलं तेल पाण्यात मिसळतं आणि द्रावण पानावर पसरतं. दोनदा गाळा, नाहीतर भर शेतात नोझल तुंबतो. मग पाणी घालून 100 लिटर करा. अर्क त्याच दिवशी संपवायचा, तोही ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने.

ऊन उतरल्यावर, कारण यातला मुख्य घटक उन्हात टिकत नाही. त्याचं नाव ॲझाडिरॅक्टिन. 1968 मध्ये तो निंबोळीतून वेगळा काढला गेला. तो किडीला जागच्या जागी लोळवत नाही. एक तर पान बेचव होऊन तिचं खाणं मंदावतं. दुसरं, कात टाकायला लागणाऱ्या संप्रेरकाचं गणित बिघडतं. पिल्लाला वाढायला चार-पाचदा कात टाकावी लागते. ती सुटली नाही, की ते जुन्या कातडीतच अडकून मरतं. याला दिवस लागतात. सकाळी शेतात जाऊन मेलेले किडे शोधणारा, न सापडल्यावर ‘काही उपयोग नाही’ म्हणून दुकानाकडे वळतो, तो इथेच फसतो.

याचा अर्थ निंब सर्वशक्तिमान आहे असा नाही. पानं लाल होऊन वळेपर्यंत थांबलात तर अर्क तुम्हाला तारणार नाही. बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत तर तो पोचतच नाही. फवारल्यावर लगेच सर आली तर पुन्हा फवारणी.

फरक पाहायचा तर शेतातली वीसेक झाडं ठरवून घ्या. फवारणीआधी आणि आठव्या दिवशी, प्रत्येक झाडाची तीन पानं उलटून फक्त बिनपंखांची पिल्लं मोजा. पंखवाले प्रौढ शेजारच्या शेतातूनही आलेले असतात. त्यांना या हिशेबात धरू नका.