जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वाढलेला रक्तदाब

रायगडाच्या पायथ्याशी वसलेल्या हिरकणीवाडीसारख्या गावी घरात औषध आले की त्यावरील मजकूर वाचून घेण्यासाठी ते पुष्कळदा गुरुजींकडेच येते. म्हणून शिक्षकबंधुभगिनींना या विषयाची नेमकी माहिती असणे अगत्याचे आहे. रक्तदाबाची गोळी बंद करून तिच्या जागी ‘ताकदीची’, म्हणजे जीवनसत्त्वांची, गोळी घेण्याकडे काहींचा कल दिसतो. पहिली जन्मभराची, दुसरी निरुपद्रवी, असा त्यामागील हिशेब. तो कितपत खरा आहे ते पाहू.

वाहत्या रक्ताचा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो रक्तदाब. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा व खालचा ते सैल पडतानाचा. निरनिराळ्या दिवशी मोजूनही हे आकडे १४० व ९० किंवा त्याहून अधिक भरले, तर तो विकार समजावा. बहुधा त्याचे काहीच लक्षण जाणवत नाही. रोज डोंगर चढणारा मनुष्यही त्यातून सुटलेला नसतो. उपचारावाचून राहिल्यास पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचा बिघाड संभवतो.

‘क’ जीवनसत्त्वावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. रोज सुमारे ५०० मिलिग्रॅम मात्रा काही आठवडे घेतल्यावर वरचा आकडा सरासरीने चारहून थोडा कमीच उतरला. १६० चे १५६ झाले म्हणून धोका टळला, असे कोणी म्हणणार नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाविषयी २०१५ साली ४६ प्रयोग एकत्र तपासले गेले. दाबावर परिणाम आढळला नाही. उलट ‘ड’ बेसुमार घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस इजा होते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत तर बहुधा सोडियम असते, आणि तेच रक्तदाब्यास वर्ज्य!

वनस्पतींत गुण नाही असे मात्र नव्हे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव १९४९ साली प्रसिद्ध केला व जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. तो गुण या द्रव्याचा, जीवनसत्त्वाचा नव्हे. शिवाय मात्रा चुकल्यास मन खिन्न होते, म्हणून मुळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आहाराचा परिणाम मात्र निश्चित आहे. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देताच रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सुमारे ११ ने उतरला. त्यात गोळी नव्हती. शेवग्याचा पाला, टाकळा, केळी, आवळा ही आपल्या परसातली सामग्री. परंतु आवळा मिठात मुरवला की लाभ निघून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला मीठ ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक लहान चमचाभरही नको. लोणचे, पापड, खारवलेली मासळी व आगळ यांतील मीठही त्यातच मोजावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र आहारही डॉक्टरांना विचारूनच बदलावा.

शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची गोळी रक्तक्षयासाठी असते, हे पालकसभेत स्पष्ट करावे. मुलांची उरलेली गोळी आजोबांच्या रक्तदाबास उपयोगी नाही. दाब उतरला म्हणून औषध थांबवू नये, कारण तो औषधानेच उतरलेला असतो. ते बदलावयाचे की कमी करावयाचे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी दाब मोजून ठरवतील.