बेणणाऱ्या हातांनी घडवलेलं गवत

आवणीला तीन-चार आठवडे झाले की पडघ्याच्या आसपासच्या खाचरांत बेणणी सुरू होते. महामार्गाच्या कडेला गोदामं उठली, तरी आतल्या गावांत भात अजून आहे. मी एका मावशींच्या मागोमाग चिखलात उतरले. मला सगळं भातच दिसत होतं. त्या मात्र मधूनच एखादं रोप उपटून बांधावर टाकत होत्या.

"वरून नको बघू ताई, सांध्यात बघ," त्या म्हणाल्या.

पान खोडाला जिथं वेढतं तिथं भाताला पातळ, पांढुरका पापुद्रा असतो आणि बाजूला दोन बारीक केसाळ आकडे. पाखडाला, म्हणजे त्या उपटत होत्या त्या तणाला, यातलं काहीच नाही, सांधा साफ गुळगुळीत. बाकी उभी चण, हिरवा रंग, पानाची रुंदी अगदी भातासारखी.

हे साम्य बेणणाऱ्यांच्याच हातून घडलं आहे. पसरट वाढणारं, बुडाशी लालसर दिसणारं रोप आधी नजरेत भरतं आणि उपटलं जातं. त्यातल्या त्यात भातासारखं दिसणारं निसटतं, त्याचं बी खाचरात पडतं आणि पुढच्या पावसात तेच उगवतं. दर पिढी भाताच्या रूपाकडे थोडी अधिक सरकते. उत्क्रांतीच्या भाषेत ही दिशात्मक निवड. तणांच्या अशा नकलेला रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांचं नाव मिळालं आहे. चीनमधल्या यांगत्से खोऱ्यातल्या पाखडाचा जनुकीय अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तिथं ही नक्कल सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरू झाली असावी, असं त्यातून दिसलं.

वेळेच्या बाबतीत मात्र निवड दोन्ही टोकं छाटते. लोंबी लवकर बाहेर आली तर पाखड उघडं पडतं. उशिरा आली तर दाणे गळण्याआधीच विळा फिरतो आणि बी भाऱ्यासोबत खळ्यावर जातं. भाताच्या जरा आधी पिकून झडणारं तेवढं टिकतं. याला स्थिरकारी निवड म्हणतात.

बांधावर हिशेब उलटा. तिथं गुरांचं तोंड आणि गवताचा विळा, म्हणून जमिनीला चिकटून पसरणारं वाचतं. खाचरात ताठ, बांधावर पसरट. मधल्या चणीच्या रोपाला दोन्हीकडे धोका. विभाजक निवड समजायला मला तरी एवढा हातभर बांध पुरेसा वाटतो.

माणसानं डाव टाकला तरी निवड थांबत नाही. जुन्या मध्य प्रांतात, विदर्भ ज्याचा भाग होता, रानटी भात ओळखू यावा म्हणून जांभळ्या पानांचं भात लावलं गेलं. हिरवं दिसेल ते उपटायचं. रानटी भाताचा लागवडीच्या भाताशी संकर झाला, जांभळी रोपं बेणणीतून वाचली आणि काही हंगामांत तणही जांभळं झालं.

आता मजूर मिळेनात, म्हणून तणनाशकाची फवारणी वाढते आहे. औषधाला रूप दिसत नाही. हजार वर्षांची नक्कल त्याच्यापुढे निरुपयोगी. तिथं वाचतं ते विष पचवणारं रोप. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात प्रोपॅनिल हे तणनाशक पचवणारं पाखड 1980च्या दशकातच सापडलं होतं. म्हणून फवारणीनंतर उरलेली चार रोपं बी धरण्याआधी हातानं काढणं मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठी सांधा ओळखणाऱ्या बायकाच लागतील.