मत्स्यपेटीला तडा गेला तर?

परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. धुऊन उन्हात वाळवलेल्या मत्स्यपेटीत गार पाणी एकदम ओतले, की काचेची आतली बाजू आकसते, बाहेरची मात्र तापलेलीच राहते. काच मंदवाहक असल्याने हा ताण पडतो आणि तडा जातो. पण तेवढ्यासाठी नवी पेटी घ्यायला नको.

आधी थोडे गणित करू. समजा, काच ६० सेंमी लांब व पाणी ३० सेंमी खोल आहे. पाण्याचा सरासरी दाब दर चौ. सेंमीला १५ ग्रॅम, क्षेत्रफळ १,८०० चौ. सेंमी. म्हणजे काचेवर एकूण रेटा २७ किलोग्रॅम-भाराचा! मग ठिगळ कोठे लावावे? आतून. बाहेरचे ठिगळ पाणी ढकलून काढू पाहते. आतले ठिगळ तेच पाणी दाबून धरते.

मासे बादलीतच राहू द्या. काचवाल्याकडून तेवढ्याच जाडीचा, तड्याच्या चहूबाजूंनी ५ सेंमी पुढे येईल असा उरलेला तुकडा आणा. पेटी पुसून कोरडी करा आणि बुरशीनाशक नसलेल्या सिलिकोनने तुकडा चिकटवा. सिलिकोन हवेतील बाष्पामुळे घट्ट होते. त्या वेळी येणारा आंबूस वास असेटिक आम्लाचा असतो. तो पूर्ण जाईपर्यंत, निदान तीन दिवस, थांबा. मग पेटी अंगणात सपाट जागी भरून दिवसभर पाहा.

तडा तळाला असेल, तर मात्र काचच बदला. तेथे दाब सर्वांत जास्त असतो. आणि यापुढे पेटी सावलीतच वाळवा!