प्राणी निवाऱ्याची दुरुस्ती आणि तिचे अंदाजपत्रक



शाळेच्या फाटकाजवळ राहणाऱ्या कुत्र्यांविषयी आमच्याकडे दोन प्रकारची पत्रे आली आहेत. काही पालक लिहितात की ही कुत्री ताबडतोब हलवा. आठवी-नववीची काही मुले लिहितात की हलवायचीच असतील तर निवाऱ्यात जागा आहे का ते आधी बघा, नसेल तर आम्ही निधी गोळा करतो, त्यातून दुरुस्ती करून द्या. दोन्ही पत्रांत तथ्य आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्याच शहरात, अंबरपेटला, चार वर्षांचा एक मुलगा भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात दगावला, हे कोणी विसरलेले नाही. आणि 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री पकडून, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला. म्हणजे प्रश्न निवाऱ्याच्या दारापर्यंत येऊन पोचतो. दाराच्या आत काय लागते, ते आज पाहू.

प्राण्यांना आसरा देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत 1832 साली इंग्रज सरकारने बेवारस कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी मंडळींनी व इतरांनी दंगा केला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. त्या व्यापारी लोकांनी नुसती इमारत बांधली नाही. आपल्या मालावर ठराविक लाग बसवला, म्हणजे रोजच्या चाऱ्या-दाण्याची सोय आधी लावली. आपल्या हैदराबादेत 1992 साली अमला अक्किनेनी यांनी ब्लू क्रॉस संस्था सुरू केली. अशा कोणत्याही संस्थेत जाऊन विचारा, इमारतीपेक्षा रोजचा खर्चच जास्त जड जातो असे ऐकायला मिळेल.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तिथे आम्ही 'बजट' म्हणत असू. मराठीचा 'अंदाजपत्रक' हा शब्द आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात अंदाज आहे हे कबूलच केलेले आहे. मात्र अंदाज करण्यालाही रीत असते.

सर्वांत आधी पिंजरे किती हवेत हे ठरते. त्याचा हिशेब सातवीचा मुलगाही करील. रोज येणारे प्राणी गुणिले एका प्राण्याच्या मुक्कामाचे सरासरी दिवस, इतक्या जागा लागतात. समजा, एका निवाऱ्यात रोज 6 कुत्री येतात आणि नसबंदी, लस व विश्रांती होऊन पाचव्या दिवशी परत जातात. 6 गुणिले 5, म्हणजे 30 पिंजरे. मुक्काम एका दिवसाने कमी झाला तर 24 पुरतात. तेव्हा सहा नवे पिंजरे बांधण्याऐवजी आणखी एक डॉक्टर नेमणे कधी कधी स्वस्त पडते. आता दुसरी बाजू पाहा. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे शस्त्रक्रिया झालेले कुत्रे आपल्या मूळ जागी परत सोडायचे असते, म्हणून मुक्काम थोडा असतो. पण त्या सहांपैकी एक कुत्रे शाळेच्या आवारातले असेल आणि ते परत सोडायचे नसेल, तर वर्षअखेर अशी 365 कुत्री जमा होतात. बाकीच्या पाचांचे 25 पिंजरे वेगळेच. तीस पिंजऱ्यांचा निवारा वर्षभरात 390 जागांचा करावा लागेल. 'हलवा' हा एक शब्द लिहिताना हे गणित डोळ्यासमोर असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट फरशीची. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण आमच्या मते निम्मी दुरुस्ती फरशीतच असते. कुत्र्याच्या पिल्लांना पार्व्हो नावाचा विषाणूजन्य रोग होतो. रक्ती हगवण लागते आणि पिल्ले पटापट मरतात. हा विषाणू जमिनीच्या भेगांत महिनोन् महिने टिकतो. साध्या फिनेलने तो मरत नाही. योग्य प्रमाणात केलेल्या ब्लीचच्या पाण्याने मरतो, तेही आधी घाण नीट धुऊन काढली असेल तर. भेगाळलेल्या कोब्यातून किंवा उघड्या सांध्यांतून घाण निघत नाही, मग औषध कितीही ओता. आपल्याकडे तांडूरची फरशी स्वस्त मिळते म्हणून सगळे तीच सुचवतात. ती चुनखडीचीच जात आहे, अ‍ॅसिडने खराब होते आणि तिचे सांधे वरचेवर भरावे लागतात. त्यापेक्षा सलग गुळगुळीत पण न घसरणारा पृष्ठभाग, भिंतीशी कोपरा न ठेवता दिलेली गोलाई आणि नालीकडे पुरेसा उतार, यांवर जास्त पैसे घातले तरी चालतील. एका पिंजऱ्याचे पाणी दुसऱ्यातून वाहता कामा नये. लेप्टोस्पायरोसिस मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातूनच पसरतो, आणि तो माणसालाही होतो. (मुलांनो, अ‍ॅसिड आणि ब्लीच घरीसुद्धा कधी एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.)

आजारी प्राण्यांचा विभाग वेगळा हवा, त्याची भांडी आणि झाडूही वेगळे. रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याची खोली तर अगदी स्वतंत्र, कुलूप लागेल अशी. लोखंडी जाळ्या मूत्राने लवकर गंजतात, तेव्हा त्या जस्ताचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो; पत्र्याचे छप्पर उंच आणि हवेशीर नसेल तर आत उभे राहवत नाही.

आता वेळ. बांधकामवाला म्हणेल, दिवाळीनंतर काम काढू, कोरडा हंगाम आहे. पण पिल्लांचा मोठा लोंढा साधारण पावसाळ्यानंतर आणि थंडीतच निवाऱ्यात येतो. तेव्हा पिल्लांचा विभाग उन्हाळ्यात, छप्पर मृगाच्या आत आणि बाकीचे थंडीत, असे तुकडे पाडावे लागतात. शिवाय नव्या कोब्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, त्या दिवसांत तिथले प्राणी जातील कुठे? म्हणून एकेक रांग रिकामी करत काम चालते. त्यात मजुरी वाढते, आणि ती वाढ पहिल्या दिवसापासून कागदावर दिसली पाहिजे.

उदाहरणादाखल 10 लाख रुपयांचे अंदाजपत्रक असे मांडता येईल: फरशी व नाल्या 4 लाख, आजारी प्राण्यांचा विभाग 2 लाख, टाकी व नळ दीड लाख, छप्पर व वायुवीजन दीड लाख आणि अकल्पित खर्चासाठी 1 लाख. जुने बांधकाम उकरले की खाली काय निघेल सांगता येत नाही, म्हणून शेवटच्या लाखाला कोणी हात लावू नये. जुन्या दरपत्रकावर विसंबू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. तीन ठिकाणचे भाव मागवावेत आणि ठेकेदाराची थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. कोणत्या छपराला गळती आहे ते पाऊसच सांगतो.

आणि चालू खर्च. समजा दहा पिंजरे वाढले आणि एका कुत्र्याचे अन्न, औषध, मजुरी मिळून दिवसाला 100 रुपये लागले, तर वर्षाला 3 लाख 65 हजार. तीन वर्षांत 10 लाख 95 हजार, म्हणजे वरच्या संपूर्ण दुरुस्तीपेक्षा जास्त. दात्यांना भिंतीवर नावाची शिला आवडते. विजेच्या बिलावर नाव कोरता येत नाही, म्हणून त्याला दाता मिळत नाही. आपल्या समाजात ही खोड जुनी आहे आणि शाळाही तिच्यातून सुटलेली नाही. कंपनी कायदा 2013 मधील सामाजिक दायित्वाच्या यादीत प्राणी कल्याणाचा समावेश आहे. आपल्या पालकांपैकी जे कंपन्यांत अधिकारी आहेत त्यांनी वर्षाकाठच्या खर्चासाठी विचारणा करावी, अशी आमची विनंती आहे.

हा विषय आम्ही विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत ठेवत आहोत. शाळेच्या कुंपणाच्या दुरुस्तीचा अंदाजही त्याच दिवशी मांडू, कारण न्यायालयाच्या आदेशात तेही आहे. मंडळाचा निर्णय होईपर्यंत मुलांनी कोणाकडेही रोख वर्गणी मागू नये. जुन्या चादरी, टॉवेल व वर्तमानपत्रे मात्र आणावीत. ती स्वच्छ व कोरडी असावीत आणि वर्गशिक्षकांकडे द्यावीत.